आमचा कोणावरही संशय नाही

वनिता गेल्याचा फोन आला तेव्हा आम्ही केबिनमध्ये हसत होतो.

बुधवार होता, सकाळचे अकरा वाजून गेले होते. भिवंडीजवळ दापोड्यातल्या एका गोदामाच्या गेटवर बायकांच्या झडतीसाठी पत्र्याची केबिन आहे. तिथे मी लेडी गार्डची सुपरवायझर आहे. काम अवघड नाही. सुटताना बायका ओळीने येतात, हात वर करून उभ्या राहतात. त्यांच्या अंगावरून हात फिरवायचा, मशीन फिरवायचं, गोदामातली वस्तू बाहेर जात नाही ना ते बघायचं. दिवसाला दीडेकशे बायका. संशय घेण्याचाच पगार मिळतो म्हणा ना. अशा जागी किस्से गोळा करावे लागत नाहीत. बायका आपणहून टाकून जातात, जशा केसातल्या पिना टेबलावर विसरून जातात.

त्या दिवशीचा किस्सा पॅकिंगमधल्या सुरेखाचा होता. ही बाई रोज सकाळी कामावर येताना पिशवीतून घरच्या गॅसचा रेग्युलेटर आणायची. आत नेता येत नाही, म्हणून गेटवर जमा करायची. रजिस्टरमध्ये रोज नोंद: रेग्युलेटर, एक नग. मला आठवडाभर वाटत होतं, यात काहीतरी लपवून नेत असणार. मी तो हलवून, उलटा करून बघितला. काही नाही. शेवटी हसीनाआपाने सरळ विचारलं. हसीनाआपा माझ्याबरोबरची गार्ड, निजामपुऱ्यातून येते, अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलते.

"मी ड्युटीवर आले का नवरा तिला घरी आणतो," सुरेखा म्हणाली. "आणू दे. पण तिला च्या माझ्या गॅसवर न्हाय पाजायचा."

दोन महिने रेग्युलेटर येत-जात होता. त्या बुधवारी सुरेखा रिकाम्या हाताने आली होती. चहाच्या सुट्टीत ती केबिनमध्ये डोकावली.

"क्या हुआ? छोड़ दिया उसने?" हसीनाआपाने विचारलं.

"न्हाय वो. करंटवरची शेगडी आणली त्यानं."

यावर आम्ही हसत होतो, तेवढ्यात माझा फोन वाजला. वनिताच्या दिराचा. "ताई, वहिनी बाथरूममध्ये पडली. दवाखान्यात नेली, पण न्हाय वाचली."

वनिता माझी धाकटी बहीण. याच गोदामात पॅकिंगला होती. सकाळी तिच्या नावापुढे 'गैरहजर' मीच लिहिलं होतं.

केबिनमधल्या सगळ्यांनी विचारलं, "कशी काय?" सुरेखाने विचारलं, टाइम ऑफिसच्या क्लार्कने विचारलं. हसीनाआपाने विचारलं नाही. तिने माझी पर्स आणून दिली आणि रिक्षा बोलावली. हे माझ्या लक्षात आलं ते फार नंतर.

*

घरात असा मृत्यू झाला की पोलीस माहेरच्या माणसांचे जबाब घेतात. जबाब लांबलचक असतो, पण शेवटचं वाक्य सगळ्यांचं सारखंच: सदर मृत्यूबाबत आमचा कोणावरही संशय नाही. आमच्या आईने त्याखाली अंगठा दिला होता. वडील नाहीत, भाऊ नाही. राहिले मी.

दहाव्याला दिनेश, वनिताचा नवरा, माझ्याशेजारी येऊन बसला. आवाज अगदी मऊ. "ताई, तुमची तेवढी सही राहिली हाय. ती झाली का फाइल बंद. मग सानिकाला सुट्टीत तुमच्याकडं धाडतो. तवर कशाला?"

सानिका त्यांची एकुलती मुलगी, नववीतली. ती पाण्याचा ट्रे घेऊन उभी होती. तिने वर पाहिलं नाही.

बोलताना दिनेशने घड्याळ दोनदा पाहिलं. मी म्हटलं, "ड्युटीवर रुजू होते, मग बघू."

नंतर तीन आठवडे गेले. हवालदाराचा फोन यायचा, मी शिफ्टचं कारण सांगायचे. आणि केबिनमध्ये बसल्या बसल्या आमचे जुनेच किस्से मला वेगळे ऐकू यायला लागले.

*

आमच्याकडे मोबाइल आत नेत नाहीत. गेटवर खण आहेत, त्यात फोन ठेवायचा आणि टोकन घ्यायचं. एकदा एक नवरा मानकोलीहून बाइक मारत आला. थेट गेटवरच्या वॉचमनची कॉलर धरली. त्याने बायकोच्या फोनवर लक्ष ठेवायची काहीतरी सोय करून घेतली होती. त्यात त्याला दिसायचं, बायको सकाळी नऊला गेटवर येते आणि संध्याकाळी सहापर्यंत गेटवरच असते.

"नऊ तास हितं काय करते ती? याच्याशी काय बोलते?"

वॉचमन बिचारा साठीचा, कानाला कमी. हसीनाआपाने त्या नवऱ्याला दंडाला धरून खणांसमोर उभं केलं. "ये देखो. सबकी बीवियां यहीं खड़ी हैं. तुम्हारी कौनसी?"

वर्षभर आम्ही हा किस्सा नव्या मुलींना सांगायचो. त्याचं शेपूट मात्र कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती बाई फोनशिवाय यायला लागली. टोकन नको म्हणाली. खालचा ओठ सुजला होता. "फोन पडला," एवढंच बोलली. ओठाबद्दल आम्ही काही विचारलंच नव्हतं.

*

एका जोडप्याचा घटस्फोट झाला होता. दोघं आमच्याच गोदामात, तो लोडिंगला, ती लेबलिंगला. शनिवारी मुलगी बापाकडे, रविवारी संध्याकाळी परत, असं कोर्टाने ठरवून दिलेलं. दोघांनी मुलगी द्यायघ्यायची जागा ठरवली ती आमचं गेट. का, तर इथे कॅमेरा आहे.

मुलगी सात वर्षांची. बाप तिला घ्यायच्या आधी तिचे हात, मान, पोटऱ्या बघायचा. "हे काय? हे कधी लागलं?" आई म्हणायची, "डास चावलाय. लिहून घे हवं तर." रविवारी आई बघायची. "हे कुठून आलं?" बाप म्हणायचा, "सायकल." मला दोघंही साक्षीला उभं करायचे.

महिन्याभरात पोरीला सवय झाली. गेटपाशी आली की स्वतःच पाय फाकवून, हात आडवे करून उभी राहायची. डोळे समोर. आमच्या जुन्या बायकाही इतक्या शिस्तीत उभ्या राहत नाहीत.

एका रविवारी तिने हसीनाआपाला विचारलं, "तुमच्याकडे बायकांना जाताना एकदाच चेक करतात ना?"

"हां बेटा, एक ही बार."

"माझं येताना पण असतं," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात थोडी फुशारकी होती.

*

कविताचा किस्सा आम्ही आपसातही कमी बोलतो.

हात फिरवून फिरवून आमच्या हाताला कळायला लागतं. चोरी करणारी बाई अंग ताठ करते, ते वेगळं. दुखणारी बाई आधी श्वास थांबवते. कविता बरगडीला हात लागला की श्वास थांबवायची. विचारलं तर म्हणाली, बाथरूममध्ये पडले.

ती गेल्यावर हसीनाआपा म्हणाली, "भिवंडी की सारी औरतें बाथरूम में ही गिरती हैं. मर्द कधी पडत नाही. त्याला काय वेगळी लादी असते?"

मी शिकलेली. मला वाटलं, लिहायला हवं. मी ऑफिसला रिपोर्ट दिला: डाव्या दंडावर आणि बरगडीवर मार, जुना आणि ताजा. ऑफिसने कविताला बोलावलं. तिसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याचा अर्ज आला, टाइप केलेला. गेटवरच्या लेडी गार्ड झडती घेताना जोरात दाबतात, त्यामुळे माझ्या पत्नीच्या अंगावर वळ उठले आहेत. खाली साक्षीदार म्हणून कविताचीच सही.

चौकशी लागली. साहेबांनी हसीनाआपाला सांगितलं, किती जोराने दाबता ते खुर्चीच्या पाठीवर करून दाखवा. तिने दाखवलं. मग हात पुसत म्हणाली, "साहब, मेरे हाथ में इतना जोर होता तो मेरा तलाक बीस साल पहले हो जाता."

साहेब हसले, आम्हीही हसलो. आठवड्याने सर्क्युलर निघालं. झडतीच्या वेळी कामगार महिलांच्या अंगावरील खुणांबाबत विचारणा करू नये, नोंद करू नये. वाचल्याची सही पहिली माझी होती. कविताने त्याच महिन्यात काम सोडलं. कुठे गेली, माहीत नाही.

*

गेल्या शुक्रवारी जेवायच्या सुट्टीत हसीनाआपाने डबा उघडला आणि बंद केला.

"तुमची सही बाकी आहे म्हणे."

"हो."

"वनिताला मी हात लावत नव्हते. नुसतं मशीन फिरवून सोडायची. दिवाळीपासून."

इथे एक नियम सांगायला हवा. गार्डने आपल्या नात्यातल्या बाईची झडती घ्यायची नाही. म्हणून वनिता कायम हसीनाआपाच्या ओळीत. मी तीन हातांवर दुसऱ्या ओळीत.

"का लावत नव्हतीस?"

"कमरेला हात लागला की सांस रोक लेती थी."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"विचारायचं नाही, लिहायचं नाही. तुम्हीच वाचून दाखवलं होतं. और मुझे लगा, बहन है, मालूम होगा."

"ती काही बोलली?"

"एकदा बोलली. ताईला सांगू नको, ती लगेच लिहील."

त्या दिवशी मी हसीनाआपाशी पुन्हा बोलले नाही. मनात नको ते आलं. हिला दिनेशकडून काही पोचलं होतं का, म्हणून इतके दिवस गप्प होती? घरी जाऊन अंघोळ केली, आणि ज्या बाईने माझ्या बहिणीला दुखू नये म्हणून नोकरी धोक्यात घातली तिच्यावर मी संशय घेतला, हे डोक्यातून जाईना. सवय झाली आहे. कुणाकडेही बघितलं की आधी तेच सुचतं.

*

सोमवारी मी पोलीस स्टेशनला गेले. दिनेश गाडी घेऊन घरी येणार होता, त्याआधीच रिक्षाने निघाले. तरी तो तिथे येऊन बसलेला होता.

हवालदाराने जबाब आधीच टाइप करून ठेवला होता. "वाचा आणि सही करा, मॅडम."

मी वाचला. नाव बरोबर, वय बरोबर, नातं बरोबर. "शेवटचं वाक्य काढा," मी म्हटलं. "ते माझं नाही."

दिनेश उठला. "ताई, जरा भायेर या. बोलू आपण."

"इथेच बोल."

"सानिकाचा इचार करा."

"तिचाच करतेय."

"मग ती तुमच्याकडं कशी येते ते बघतो मी." त्याचा आवाज अजूनही मऊच होता.

हवालदाराने त्याला बाहेर बसायला सांगितलं. चष्मा पुसला, नवं पान उघडलं. "संशय आहे म्हणता. मारताना पाहिलंत कधी?"

"नाही."

"तिने सांगितलं?"

"नाही."

"मग?"

मी हसीनाआपाचं सांगितलं. त्याने तिचं नाव लिहून घेतलं. "त्यांना बोलावू. सर्क्युलरची कॉपी पण आणा. पण तुमचं सांगा. तुम्हाला स्वतःला काय माहीत आहे?"

मग मी त्याला शनिवारचा किस्सा सांगितला. ती गेली त्याच्या आधीचा शनिवार. तो मी तोवर कुणालाच सांगितला नव्हता.

सहाची शिफ्ट सुटली होती. हसीनाआपाच्या ओळीत चार बायका होत्या, माझ्या ओळीत तीसेक. वनिता तिकडची ओळ सोडून माझ्या ओळीत येऊन उभी राहिली. मी पाहिलं, आणि पाहिलं नाही असं केलं. वीस मिनिटं ती थांबली. तिचा नंबर आला. तिने पर्स टेबलावर ठेवली आणि हात वर केले. उजवा पूर्ण वर. डावा खांद्यापर्यंत.

मागच्या बायका हसायला लागल्या. "बघ, बहिणीकडं वशिला लावते."

मी म्हटलं, "काय गं, नियम माहीत नाही? त्या ओळीत जा."

"आज तू घे," ती म्हणाली.

"वनू, चाळे नकोत. मागे लाइन आहे."

तिने हात खाली घेतले, पर्स उचलली आणि हसीनाआपाच्या ओळीत गेली.

हवालदार इथपर्यंत टाइप करत आला होता. तो थांबला. "मग तुम्ही काय केलंत?"

"पुढच्या बाईला बोलावलं," मी म्हटलं. "वनिताची झडती मी घेतली नाही."