मालकाच्या खुर्च्या शिवणारी आत्या

माझी आत्या गाड्यांच्या सीटा शिवते. पेट्रोल पंपामागे टायरवाल्याचं दुकान आहे, त्याला लागून असलेल्या लांबट गाळ्यात तिचं मशीन असतं. आजूबाजूला रेक्झिनचे गुंडाळे, फोमचे तुकडे आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या, कव्हरं उतरवलेल्या सीटा. तोंडात टाचण्या धरूनही ती व्यवस्थित बोलू शकते. टाचण्या काढल्यावर जे बोलते, त्यापेक्षा ते पुष्कळच सौम्य असतं.

तिने लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर सांगते, "रविवारी मला वेळ नसतो." लोक हसतात. ती हसत नाही, कारण रविवारी तिला खरोखरच वेळ नसतो. रविवारी फुटबॉल असतो.

आजोबांनी तिला पहिल्यांदा मैदानावर नेलं, ते आजीला दुपारी घटकाभर शांतता हवी होती म्हणून. आधी माझ्या वडिलांना नेलं होतं, पण गर्दीचा आवाज ऐकून त्यांनी असा भोंगा पसरला की त्यांना परत आणावं लागलं. ही गोष्ट आत्या अजूनही चारचौघांत, वडिलांच्या तोंडासमोर सांगते. तेव्हापासून गोलच्या मागच्या पायऱ्यांवर, डाव्या खांबाजवळ तिची जागा ठरलेली. तिथे खुर्च्या नाहीत, उभं राहायचं. लोक म्हातारे झाले, काही गेले, पण खांबाजवळ आत्या आहेच.

आमचा क्लब एकेकाळी वीटभट्टीच्या कामगारांनी काढलेला, म्हणून जर्सी विटकरी. आपला क्लब फार थोर आहे असा टेंभा आम्ही कधी मिरवला नाही. आजवर एकच मोठा चषक जिंकला, तोही समोरच्या संघाची बस वाटेत बंद पडली आणि ते अर्धमेले होऊन पोचले म्हणून. पण जो आहे तो आमचा आहे, असं आम्हाला वाटायचं. ही आमची पहिली चूक.

कारण कागदोपत्री क्लब भट्टीवाल्याच्या नावावर होता, आणि एक दिवस त्याच्या वारसांनी तो विकून टाकला. घेणारा फरशी पुसायचं औषध बनवणारा. जांभळं, वासाचं, टीव्हीवर ज्याच्या जाहिरातीत एक बाई फरशीकडे बघून उगाचच हसते, ते. पहिल्याच रविवारी तो मैदानाच्या मधोमध माइक घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आजपासून आपण सगळे एक कुटुंब आहोत."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या लोकांना माइकवर कुणी काहीही बोललं की टाळ्या वाजवायची खोड आहे. आत्याने हाताची घडी सोडली नाही. "कुटुंबात भांडतानासुद्धा एकमेकांची नावं माहीत असतात," ती म्हणाली. मग बराच वेळ त्याच्याकडे निरखून बघत राहिली. "हा मैदान बघत नाहीये. जागा बघतोय."

सामना संपायच्या आत पायऱ्यांवर त्याचं नाव फिनाइल पडलं होतं.

फिनाइलने पहिल्या वर्षी आमचा गोलकीपर विकला. एकच तर माणूस होता ज्याला चेंडू कुठल्या बाजूने येतोय ते कळायचं. त्याच्या जागी आणला तो चेंडूला पाहुण्यासारखी वाट करून द्यायचा. दुसऱ्या वर्षी जर्सी जांभळी झाली. "ताजेपणाचा रंग," असं फिनाइलने वर्तमानपत्रात सांगितलं. आमचे अकरा जण मैदानात उतरले की बाटल्या ओळीने चालत आल्यासारखं वाटायचं. आणि संघ मात्र घसरत घसरत तळाला गेला.

मग पायऱ्यांवरची मंडळी पेटली. पेटली म्हणजे एका विमा एजंटच्या घरी जमली आणि चहा प्यायली. हा एजंट दिसायला रुबाबदार, आवाज खणखणीत, आणि बोलताना दर वाक्यानंतर थांबून कुणाला पटलंय ते बघायची सवय. समिती निघाली, अध्यक्ष अर्थातच तो. आत्याही गेली होती आणि मलाही ओढत घेऊन गेली होती.

"मोसमातला शेवटचा सामना," एजंट म्हणाला. "कुणीही आत जायचं नाही. गेटबाहेर मैदानाकडे पाठ करून उभं राहायचं. आपण तिकीट काढतो, म्हणजे त्याचे हात आपणच बळकट करतो. एकदा रिकामं मैदान बघू दे त्याला!"

खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मला पटलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. आत्या कोपऱ्यात स्टुलावर बसली होती.

"तो सामना हरलो तर आपण खालच्या गटात जाणार," ती म्हणाली. "अशा दिवशी पोरांना एकटं सोडायचं?"

"ताई, पोरं त्याची आहेत. पगार तो देतो."

"पगार तो देतो, पण जर्सी आमची आहे. जांभळी केली तरी आमची. परका माणूस घरात घुसला म्हणून मी अंगणात पाठ करून उभी राहू? उभं राहायचं तर त्याने राहावं."

"म्हणजे तुम्ही आत जाणार?"

"मी कुठे बाहेर गेले होते?"

एजंटने सगळ्यांकडे बघत सुस्कारा सोडला. असा सुस्कारा, की खोलीतल्या प्रत्येकाला आत्याची कीव यावी.

त्यानंतर थोड्याच दिवसांत गाळ्यावर काम आलं. फिनाइलला स्टेडियममधल्या आपल्या काचेच्या बॉक्समध्ये नव्या खुर्च्या हव्या होत्या. जाड गादीच्या, हातांवर गोल कड असलेल्या. रंग सांगायलाच नको. गाळ्याचे मालक, ज्यांना सगळे उस्ताद म्हणतात, ते आत्यासमोर येऊन घुटमळत उभे राहिले. त्या दिवसांत गाळ्यात कामाचा दुष्काळ होता. दोन कारागीर दिवसभर पत्ते खेळत बसायचे.

"तू म्हणशील तर नाही सांगतो," उस्ताद म्हणाले.

आत्याने टाचण्या काढल्या. "माझं भांडण माणसाशी आहे. खुर्चीने माझं काय वाईट केलंय?"

आणि तिने त्या शिवल्या. नीट, मन लावून. कुठे टाका तिरका नाही, कुठे सुरकुती नाही. मी म्हटलं, निदान एखादी उसवेल अशी तरी शिव. तर म्हणाली, "त्याने त्याचं काम वाईट केलं म्हणून मी माझं वाईट करू? मग त्याच्यात न् माझ्यात फरक तो काय?"

जांभळं रेक्झिन लपत नाही. चार दिवसांत पायऱ्यांवर बातमी पसरली. ज्यांच्याबरोबर ती वर्षानुवर्षं गळा फाडून ओरडली होती, ते तिला बघून मोबाइलमध्ये डोकी खुपसायला लागले. एजंटने समितीत म्हणे डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, "आपलीच माणसं विकली जातात, याचं दुःख जास्त." आणि एका सकाळी गाळ्याच्या शटरवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं सापडलं: 'फिनाइलची शीलाई मशीन'.

मी बादली घेऊन धुवायला निघाले. आत्याने अडवलं. "राहू दे. शिलाईतली शि पहिली असते हेही ज्याला येत नाही, त्याने आपली लायकी आपल्याच हाताने लिहून ठेवलीय. पुसायची कशाला?"

शेवटच्या सामन्याच्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले, ती एकटी पडू नये म्हणून. गेटबाहेर शे-दोनशे माणसं विटकरी मफलर घालून मैदानाकडे पाठ करून उभी होती. आम्हाला त्यांच्यामधूनच जावं लागलं. कुणी वाट दिली नाही, कुणी अडवलंही नाही. मागून एक जण म्हणाला, "चालली बघा खुर्चीवाली." आत्या वळलीसुद्धा नाही. तिच्या अंगावर आजोबांच्या वेळचा विटकरी स्वेटर होता, कोपरांवर रेक्झिनचे तुकडे लावलेला.

आत पायऱ्या रिकाम्या. इतक्या रिकाम्या की पंचाच्या शिट्टीचा आवाज पत्र्यावर आपटून परत यायचा. खेळाडू एकमेकांना काय म्हणतायत ते ऐकू येत होतं, आणि ते घरी सांगण्यासारखं नव्हतं. आम्ही खांबाजवळ उभ्या राहिलो. पहिल्या काही मिनिटांतच आमच्या गोलकीपरने एक चेंडू आदराने आत जाऊ दिला.

मी कंटाळून वर बघितलं. समोरच्या बाजूला फिनाइलचा काचेचा बॉक्स, हवा यावी म्हणून काचा सरकवलेल्या. आत नव्याकोऱ्या जांभळ्या खुर्च्या. मधल्या खुर्चीत फिनाइल. आणि त्याच्या शेजारी, हातात बशी, मांडीवर रुमाल, आमचा विमा एजंट. बाजूला त्याची बायको. मला आधी वाटलं डोळे फसतायत. पण मी चष्म्याच्या दुकानात काम करते, माझे डोळे इतके फसत नाहीत. पुढे कळलं, त्याला 'चाहता संपर्क सल्लागार' असं काहीतरी पद मिळालं होतं. बाहेरच्यांना पाठ करून उभं राहायला सांगितलं होतं ते किती सोयीचं होतं, तेही तेव्हाच कळलं. पाठ केलेल्या माणसाला मागच्या गेटने आत कोण शिरलं ते दिसत नाही.

मी आत्याला कोपराने ढोसलं. तिने वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग दोन्ही हात तोंडाशी नेले. रेक्झिनच्या मशीनच्या खडखडाटावर आयुष्यभर बोललेला गळा तो, आणि पायऱ्यांवर चिटपाखरू नव्हतं.

"काय रे एजंट! खुर्ची मऊ आहे ना?"

थ्रो घ्यायला उभा असलेला खेळाडू चेंडू डोक्यावर धरून तसाच थांबला.

"मीच शिवलीय! नीट टेकून बस! पाठीचा कणा नसला तरी चालेल, आत फोम भरपूर घातलाय!"

एजंटच्या हातातली बशी कलली. पंच तोंडावर हात धरून दुसरीकडे बघायला लागला. आणि फिनाइलला बिचाऱ्याला एवढंच ऐकू गेलं असावं की खालची बाई खुर्च्यांचं कौतुक करतेय. तो उठला आणि त्याने हसून हात हलवला. त्या माणसाचा मी जन्मात एवढा तिरस्कार केला नव्हता, आणि एवढी हसलेही नव्हते.

हा आवाज बाहेरही गेला. गेटाशी गलका उठला. एजंट आत आहे म्हणजे काय, खोटं आहे, दाखवा. गेटवरचा म्हातारा रखवालदार भट्टीत काम केलेला. त्याने तिकिटं न विचारता दार उघडलं आणि स्वतः मान वर करून बघायला आला. माणसं आत आली, वर बघितलं, आणि मग काय झालं ते लिहिण्यासारखं नाही. एजंट मध्यंतरापर्यंतही टिकला नाही.

आता तुम्हाला वाटेल की पायऱ्या भरल्या, पोरांना स्फुरण चढलं आणि आम्ही जिंकलो. अजिबात नाही. आणखी दोन गोल खाल्ले आणि खालच्या गटात गेलो. पण खेळाडू पायऱ्यांजवळ आले तेव्हा त्यांना कुणी शिव्या दिल्या नाहीत. 'खुर्चीवाली' म्हणणारा आत्याच्या बाजूला येऊन उभा राहिला आणि माफी वगैरे न मागता नुसता म्हणाला, "स्वेटर छान आहे." आत्या म्हणाली, "मला माहीत आहे."

पुढच्या आठवड्यात फिनाइल स्वतः गाळ्यावर आला. बरोबर एक फोटोवाला. चकचकीत बूट फोमच्या तुकड्यांवर जपून टाकत तो मशीनपाशी पोचला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं म्हणे, की संघ हरत असताना रिकाम्या मैदानात उभी असलेली बाईच त्याच्या खुर्च्या शिवणारी आहे. त्याला त्याची जाहिरात करायची होती.

"मॅडम, तुमची निष्ठा बघून मी भारावून गेलो. शेवटी आपण दोघं एकाच क्लबवर प्रेम करतो."

आत्याने मशीन थांबवलं नाही. "तुम्ही हा क्लब विकाल तेव्हा रविवारी कुठे जाल?"

"विकायचा प्रश्नच येत नाही."

"आला तर?"

तो हसला. "बघू. घरी बसेन, मुलांबरोबर."

"मला असं घरी बसता येत नाही," आत्या म्हणाली. "आता बाजूला व्हा, उजेड अडतोय."

फोटोवाल्याने तरीही एक फोटो काढला. तो कुठेच छापून आला नाही. आत्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून कुणी फरशी पुसायचं औषध विकत घेतलं नसतं.

वर्षभरात फिनाइलने क्लब विकला. आता मालक दोन भाऊ आहेत, मोठाल्या गोदामांचा धंदा करतात. जर्सी पुन्हा विटकरी केली म्हणून लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. एजंटही परत आलाय, पायऱ्यांच्या पार टोकाला, सगळ्यांत मोठा मफलर घालून. आत्या त्याच्याशी बोलत नाही. मध्यंतरी आपण गोल केला तेव्हा शेजारचे सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले, तेवढ्यात तोही धावत आला. आत्याने त्याला कोपराने असं काही बाजूला सारलं की तो पुन्हा टोकाला जाऊन उभा राहिला.

भावांचा विचार आता मैदान विकून शहराबाहेर, हमरस्त्यापलीकडे नवं बांधायचा आहे. पुन्हा सभा, पुन्हा चहा, पुन्हा 'आपलं कुटुंब'. आत्या या नव्या मालकांना काय म्हणते ते मी घरी वडिलांसमोरसुद्धा उच्चारत नाही. पण गेल्या शनिवारी ती कुणाला न सांगता बस पकडून ती जागा बघून आली. संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन चपला काढता काढता म्हणाली, "वारा फार आहे तिकडे. जाड कोट घ्यावा लागेल."