उन्हात वाळवलेलं विमान

फोम घासला की त्याची पांढरी भुकटी उडते. ती पिठासारखी खाली बसत नाही, राखेसारखी विरतही नाही. ती अंगाला येऊन चिकटते. मनगटावर, भुवयांवर, ओठांच्या कडेला. झटकायला जावं तर झटकणाऱ्या हातालाच बिलगते. मागच्या उन्हाळ्यात हॉस्टेलच्या जिन्याखाली, पंखा बंद ठेवून, कारण पंख्याच्या वाऱ्यानं ती भुकटी सगळ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जाई, मी सँडपेपरचा एक चौकोनी तुकडा पुढे-मागे करत बसलेली असे. त्याचा एक कोरडा, चरचरीत आवाज येत राही. आजही तसा आवाज कानावर आला की माझे खांदे आपोआप दुखू लागतात. थकव्याला स्वतःचा आवाज असतो का? मला ठाऊक नाही. माझ्या थकव्याला मात्र तो आहे.

घासत होते ते एक विमान होतं. माझ्या खोलीतली मैत्रीण रुचिका वर्ध्याची. तिच्या भावानं कधी काळी हौसेनं आणलेलं, हातातल्या रिमोटवर उडणारं, फोमचं लढाऊ विमान. त्याला नोकरी लागली आणि विमान माळ्यावर गेलं. आमच्या कॉलेजच्या उत्सवात अशा विमानांची शर्यत असते, म्हणून रुचिकानं ते खाली उतरवून आणलं. हिरवट-मातकट रंगाचे पट्टे, पंखांतून बाहेर आलेल्या प्लास्टिकच्या बंदुका, अंगभर ठसे उमटवलेले खोटे खिळे. आम्ही कुठेतरी वाचलं होतं, की दुसरं महायुद्ध संपल्यावर अशी खरीखुरी विमानं बेकार झाली, तेव्हा काही हौशी वैमानिकांनी ती घेतली, त्यांच्या बंदुका काढल्या, पंखांची टोकं कापली, अंग घासून गुळगुळीत केलं, भडक रंग दिले आणि उंच खांबांभोवती त्यांच्या शर्यती लावल्या. आपल्या विमानाला तसंच रूप द्यायचं, असं आम्ही ठरवलं. रुचिका उडवण्यात आणि मोटारीच्या तारांत हुशार होती. घासणं, कापणं, रंगवणं माझ्याकडे आलं. माझ्याकडे नेहमी चिकाटीचीच कामं येतात. चिकाटी हा गुण आहे की दुसरं काही न सुचणाऱ्याचा आधार, हे मला अजून नीटसं कळलेलं नाही.

बंदुका सहज निघाल्या. गरम केलेलं पातं लावलं की डिंक सुटे आणि तिथे एक पांढरं भोक राही. ते हलक्या पुट्टीनं बुजवायचं. खोटे खिळेही बुजवले. वैमानिकाच्या जागेवरची उंच काच काढून तिथे थंड पेयाच्या बाटलीचं प्लास्टिक गरम करून बसवलेली बुटकी काच आली. पण पंख कापणं तसं सोपं गेलं नाही. पट्टी धरून रेघ मारली, पुसली, पुन्हा मारली. रुचिका म्हणाली, "काप ना वं, तुहा हात थोडीच कापून राहिली." मी कापलं. दोन्ही टोकं माझ्या मांडीवर पडली, पोळीच्या कोरेसारखी हलकी. आणि मग रुचिकानं सहज एक गोष्ट सांगितली, जिनं नंतर फार दिवस माझा पिच्छा सोडला नाही. पंख आखूड केले की विमान वेगानं धावतं, पण मग त्याला सावकाश उडता येत नाही. लांब पंखांचं विमान हवेत रेंगाळू शकतं. आखूड पंखांचं हळू झालं की पडतं.

तुम्हाला हसू येईल, पण ते ऐकून मला कुणीतरी माझ्याविषयीच काही बोलल्यासारखं वाटलं. मी भिवापूरहून नागपूरला आले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. इथे आल्यापासून मी स्वतःलाही थोडंथोडं घासतच होते. बोलणं घासलं, हसणं घासलं, वर्गात प्रश्न विचारण्याआधी तो मनात तीनदा घासला. सीताबर्डीच्या बाजारात घेतलेल्या कुर्त्यांत मी हळूहळू इतरांसारखी दिसू लागले. वेग आला, हे खरं. पण परीक्षा, प्रात्यक्षिकं, शिष्यवृत्तीसाठी टिकवावे लागणारे गुण, यांतल्या कशातही एकदा मागे पडले तर पुन्हा वर येता येणार नाही, अशी भीती सतत असे. रेंगाळण्याचा अधिकार कुणाला असतो? ज्यांचे पंख लांब असतात त्यांना.

आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती मिरचीच्या सातऱ्यावर कामाला जाते. सातरा म्हणजे मिरची वाळवायचं आणि तिचे देठ खुडायचं मैदान. नजर पोचेल तिथवर लाल पसारा, आणि त्यात डोक्याला फडकं गुंडाळून बसलेल्या बाया. लहानपणी शाळा सुटली की मी थेट तिथेच जाई. पाठीवर ऊन, नाकात ठसका, आणि हात चुकून डोळ्याला लागला की संध्याकाळपर्यंत रड. आईची बोटं उन्हाळाभर तांबूस असतात. ती रात्री त्यांना तेल लावून पदराच्या टोकात गुंडाळून झोपते. फोनवर एकदा ती म्हणाली, "बाया इचारतात मले, तुही पोरगी नागपुरात काय करून राहिली. मी म्हनलं, इमान बनवून राहिली. तं म्हनतात, उडते का?" त्याआधीच्या वर्षी आम्ही थर्माकोलचं एक केलं होतं, ते फेकताच नाकावर पडलं होतं. आई म्हणाली, "मी येऊन पाहीन. एका दिवसाची सुट्टी मागतली."

मी तिला नको म्हणू शकले नाही. फोन ठेवला आणि मनाशी एक ठरवून टाकलं: हे विमान आईसमोर उडालं नाही, तर तिच्याच गाडीनं तिच्यासोबत परत जायचं. कायमचं. हे मी रुचिकाला सांगितलं नाही, कुणालाच नाही. विमानाचा आणि शिक्षणाचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. संबंध काही नव्हता. पण फार थकलेलं माणूस स्वतःचा निर्णय स्वतः घेत नाही. तो कुठल्या तरी दुसऱ्या गोष्टीवर सोपवून मोकळं होतं.

रंग मी निवडला. भिवापुरी मिरची पिकून सुकल्यावर जशी गर्द, काळपट लाल होते, तसाच. पातळ कागद चिकटवून गुळगुळीत केलेल्या अंगावर तो रंग चढला तेव्हा पहिल्यांदा ते विमान मला माझं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रात्यक्षिक परीक्षेला जायचं होतं आणि रंग अजून हाताला लागत होता. मग मी तेच केलं, जे सातऱ्यावर वाढलेली कोणतीही मुलगी करील. हॉस्टेलच्या गच्चीवर जुनी चादर अंथरली, तिच्या कोपऱ्यांवर विटा ठेवल्या, आणि विमान उन्हात वाळत घालून निघून गेले. ऊन वाळवतं, यात शंका घेण्यासारखं काय होतं? मिरची, कुरड्या, आईचे ओले केस, माझ्या शाळेचा एकुलता एक गणवेश, सगळं उन्हानंच तर वाळवलं होतं. गडद रंग उष्णता अधिक शोषतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि पेपरात लिहिलंही होतं. पण जे हातांनी लहानपणी शिकलं त्याच्यापुढे पेपरात लिहिलेलं फार उशिरा आठवतं.

दुपारी परत आले तर फोम आतून फुगला होता. डाव्या पंखावर फोडच फोड, आणि टोक वाळलेल्या पानासारखं वर वळलेलं. रुचिका माझ्या मागे येऊन उभी राहिली. विमान तिच्या भावाचं होतं. मी तिच्याकडे पाहायला धजावले नाही. ती पंखावर वाकली आणि म्हणाली, "याले तं कांजण्या निघाल्या वं." आणि हसू लागली. मी रडू लागले, तेव्हा मात्र ती हसायची थांबली.

आई दोनच दिवसांनी येणार होती. मी पुन्हा जिन्याखाली बसले. फोड पात्यानं तासले, खड्डे भरले, पुन्हा घासलं. ती भुकटी पुन्हा उडाली, पुन्हा चिकटली. पंखाला या वेळी पांढरा रंग दिला आणि तो सावलीत वाळवला. काही फोड तसेच राहिले. फार तासलं असतं तर पंखात जीवच उरला नसता. लाल अंगाचा, एका पांढऱ्या खडबडीत पंखाचा तो विचित्र प्राणी घेऊन आम्ही उमरेड रोडला, वस्ती संपल्यावर लागणाऱ्या मैदानावर गेलो. आई बसमधून तिथेच उतरली. तिनं आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग विमानाकडे. बोट फिरवत म्हणाली, "हे काय झालं वं याले?"

"उन्हात ठेवलं होतं."

"काहून?"

"वाळवाले."

आईनं तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलत होते. "मिरची व्हय का माय ते?"

रिमोट माझ्या हातात होता. उडवायला रुचिकानंच मला शिकवलं होतं, आणि आईसमोर तूच उडव म्हणाली होती. तिनं विमान डोक्यावर धरून धाव घेतली आणि फेकलं. ते गवतात पडलं. थर्माकोलच्या विमानासारखंच, नाकावर. मला बसचा थांबा दिसत होता, आणि माझ्या सामानात काय काय आहे याचा मी विचारही सुरू केला होता. रुचिकानं विमानाच्या नाकावरची माती पुसली, जास्त लांबून धावत आली, आणि या वेळी अंगातला सगळा जोर लावून फेकलं. विमान खाली गेलं, गवताच्या शेंड्यांना जवळजवळ टेकलं, आणि मग वर चढलं. डावीकडे झुकत होतं. मी सावरत होते. पण ते उडत होतं. आम्ही रोवलेल्या बांबूच्या दोन निशाणांभोवती ते वळू लागलं आणि त्याचा तो रागीट, बारीक आवाज सगळ्या मैदानावर पसरला. रुचिका कानाशी सांगत होती, "पूर्ण दाब वं. पाहू तं दे किती पळते."

मी आईकडे पाहिलं. ती वर पाहतच नव्हती. मला वाईट वाटलं. विचारलं, तर म्हणाली, "वर उजेड डोळ्याले झोंबते. त्याची सावली पडते ना खाली, तेच पाहून राहिली." सुकलेल्या पिवळ्या गवतावरून एक लहानशी काळी सावली सुसाट धावत होती, वळत होती, परत येत होती, आणि आईची नजर तिच्यामागोमाग फिरत होती. थोड्या वेळानं ती म्हणाली, "लय पयालं ते. थकलं असन. उतरव आता त्याले."

रुचिकाला अजून वेग पाहायचा होता. तरी मी उतरवलं. किती वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं! पुढं जा, थांबू नको, मागं पाहू नको, हेच सगळ्यांनी सांगितलं. आईनंही हेच सांगितलं होतं, आणि ते सगळं प्रेमापोटीच होतं. पण उडणाऱ्या गोष्टीला उतरताही येतं, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. आखूड पंखांचं विमान सावकाश उतरत नाही. ते वेगानंच आलं, पोटावर घसरत गेलं, आणि गवतात धूळ उडवून थांबलं. पडलं नाही, थांबलं. आईनं जाऊन ते दोन्ही हातांनी उचललं आणि फोडांच्या पंखावरून हात फिरवत परत आली.

पुढे शर्यत झाली आणि आम्ही बरेच मागे राहिलो. ते तुम्हाला सांगताना मला फारसं काही वाटत नाही.

आईला गाडीत बसवून दिलं तेव्हा ती खिडकीशी बसून आपली बोटं न्याहाळत होती. पंखाच्या एका कोपऱ्याला, जिथे रंग लागला नव्हता, तिथली भुकटी तिच्या तांबूस बोटांच्या रेघांत जाऊन बसली होती. मी खालून म्हटलं, झटकू नको, अजून चिकटते. ती म्हणाली, "राहू दे. बाया इचारतीन तं दाखवीन."

गाडी गेली. मी गेले नाही. हॉस्टेलला परतले तेव्हा जिन्याखाली सँडपेपरचा तुकडा तसाच पडलेला होता आणि फरशीवर पांढरं सारवण झालं होतं. झाडू घ्यायला हवा होता. मी आधी पंखा लावला आणि त्याच्याखाली नुसती बसून राहिले.