छोट्या शब्दांत सांगा

गिरगावात ठाकूरद्वाराजवळच्या त्या तीन मजली इमारतीत गंगाधर कर्णिकांच्या इंग्रजीचा दरारा होता. एका विमा कंपनीच्या पत्रव्यवहार खात्यात त्यांची उभी हयात गेली होती. पाण्याच्या तक्रारीचा अर्ज असो की कुणाच्या मुलाचा बायोडेटा, काकांच्या नजरेखालून गेल्याशिवाय कागद इमारतीबाहेर पडत नसे. त्यांच्यासमोर कुणी ‘ही डोन्ट नो’ म्हटलं, की काकांची भुवई वर जायची आणि बोलणाऱ्याची जीभ आत. भाचे-पुतणे त्यांच्या घरी आले की अस्सल मराठी बोलत. त्यात मायबोलीचं प्रेम कमी आणि काकांची धास्ती जास्त.

त्यांच्या पत्नीची, लतिकाबाईंची हकिगत सांगायची तर ती या दराऱ्यापासूनच सुरू करावी लागते, कारण त्यांच्या संसाराची पहिली तीस वर्षं त्याच्या सावलीत गेली. लतिकाबाई मूळच्या लालबागच्या. वडील गिरणीत टाइमकीपर, शाळा मराठी, आणि शाळेतलं इंग्रजी फळ्यावरून उतरवून घेण्यापुरतं. लग्न होऊन गिरगावात आल्या तेव्हा घरातलं इंग्रजीचं खातं नवऱ्याकडे आणि बाकीची सगळी खाती त्यांच्याकडे, अशी वाटणी आपोआप झाली. या वाटणीला कुणाचीच हरकत नव्हती.

मुलगा शंतनू नोकरीसाठी आयर्लंडला गेला आणि ही वाटणी बिघडली. एकदा व्हिडिओ कॉलवर त्याची घरमालकीण, सत्तरीची हसतमुख बाई, लतिकाबाईंशी चांगली मिनिटभर बोलली. लतिकाबाईंनी मान हलवली, हसल्या, पुन्हा मान हलवली. फोन ठेवल्यावर त्यांनी नवऱ्याला विचारलं, “अहो, काय म्हणत होत्या हो त्या?”

“प्रेझेंट परफेक्ट फार सुंदर वापरला त्यांनी,” गंगाधर म्हणाले.

“अहो, पण म्हणाल्या काय?”

“शंतनू घर नीटनेटकं ठेवतो, आईने चांगलं वळण लावलंय म्हणाल्या.”

“मग तेवढं आधी नाही का सांगायचं?” लतिकाबाई म्हणाल्या. पुढच्याच आठवड्यात त्यांनी दादरला, शिलाई मशीनच्या दुकानावरच्या माळ्यावर चालणाऱ्या इंग्रजी बोलण्याच्या क्लासात नाव घातलं. साठी बुद्धी नाठी, असं गंगाधर म्हणाले, पण ते स्वतःशीच. बाईंची साठी यायला अजून अवकाश होता आणि त्यांना ते ऐकवण्याची छाती गंगाधरांना नव्हती.

क्लासातली मनाली मिस त्यांच्या शंतनूच्या वयाची. “काकू, बिनधास्त चुका,” ती पहिल्याच दिवशी म्हणाली. “फक्त एक करू नका. कळलं नसेल तर मान हलवू नका. तुम्ही मान हलवली की समोरचा पुढे जातो, तुम्ही मागे राहता. थांबवायचं त्याला. म्हणायचं, स्मॉल वर्ड्‌स, प्लीज.” शिकवलेलं वाक्य सात जणांवर वापरून आल्याशिवाय नवं वाक्य मिळायचं नाही, हा तिथला नियम. त्यामुळे बँकेतला शिपाई, औषधांच्या दुकानातली पोरगी, भाजी गल्लीतला लिंबंवाला, कुणीच लतिकाबाईंच्या तडाख्यातून सुटलं नाही. मिसने एकदा सोप्या कामाला ‘पीस ऑफ केक’ म्हणतात असं सांगितलं. “आमच्यात डाव्या हाताचा मळ म्हणतात. केक बराय तुमचा, निदान खाता तरी येतो,” लतिकाबाई म्हणाल्या, आणि सगळा वर्ग हसला.

घरी गंगाधर प्रत्येक वाक्यात चूक काढत. लतिकाबाईंनी त्यावर एकदाच सुनावलं. “तुम्ही चूक काढा, मी तोवर वाक्य संपवते.”

एका दुपारी जेवणं उरकून भांडी घासायला पडली होती आणि नीलचा फोन आला. नील म्हणजे शंतनूच्या खोलीतला सोबती. “काकू, घाबरू नका हां. शंतनूला काल संध्याकाळी अपघात झालाय. सायकलवर होता, गाडीने उडवला. डोक्याला मार आहे. मी दुसऱ्या शहरात आहे, आत्ता निघालो. हॉस्पिटलवाले मला काही सांगत नाहीत, घरच्यांशीच बोलणार म्हणतात. डॉक्टर आत्ता तुम्हाला फोन करतील.”

बातमी भिंतीतून झिरपल्यासारखी मजलाभर पसरली. शेजारची अनुजा धावत आली, लतिकाबाईंना जवळ घेऊन म्हणाली, “काका आहेत ना बोलायला, मग एवढी तरी काळजी नाही.”

ते ऐकून गंगाधर खुर्चीत मागे सरकले. कारण जगाला ठाऊक नसलेली एक गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती. ते आयुष्यात कधी इंग्रजी बोललेच नव्हते. साहेबाने बोलावलं की ‘यस सर’ म्हणायचं आणि टेबलाशी परत येऊन मसुदा लिहायचा. लिहिलेलं खोडता येतं, बोललेलं खोडता येत नाही, आणि चुकण्याच्या भीतीपोटी त्यांनी चाळीस वर्षं तोंड मिटून काढली होती.

फोन वाजला. सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे वळल्या. गंगाधर साहेबापुढे उभे राहावं तसे उठून उभे राहिले. डॉक्टर भरभर बोलू लागले. त्या ओघातून एकच वाक्य गंगाधरांना लख्ख ऐकू आलं. ‘ही इज नॉट आउट ऑफ द वुड्‌स यट.’ अर्थ त्यांना पाठ होता. मुलावरचं संकट अजून टळलेलं नाही. तेवढ्यावर त्यांची जी दातखीळ बसली, ती सुटेना.

“काय म्हणतायत?” लतिकाबाईंनी विचारलं.

“यस सर,” गंगाधर फोनमध्ये म्हणाले. डॉक्टर आणखी पुढे गेले. “यस सर,” गंगाधर पुन्हा म्हणाले.

लतिकाबाईंनी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. “डॉक्टर, स्टॉप. प्लीज स्टॉप. आय ॲम मदर. आय नॉट अंडरस्टँड. स्मॉल वर्ड्‌स, प्लीज.”

मग तोच माणूस सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलू लागला. लतिकाबाई प्रत्येक वाक्य त्याला परत म्हणून दाखवत होत्या. डोक्यात रक्त साकळलं. यस. ऑपरेशन झालं. यस. औषध देऊन झोपवलंय, मुद्दाम. यस, मुद्दाम. मध्येच कळलं नाही की “अगेन” म्हणत आणि डॉक्टर मुकाट्याने पुन्हा सांगत. लतिकाबाईंचा आवाज चढला नाही, कापला नाही. फक्त मोकळ्या हाताने त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

आणि मग, खोलीत कुणाच्याही ओठावर यायला धजत नव्हतं ते त्यांनी विचारलं. “माय सन लिव्ह? यू से यस, ऑर नो, ऑर डोन्ट नो. ऑल थ्री ओके. ओन्ली ट्रू.”

गंगाधर थिजून पाहत राहिले. याच बाईला ते रोज वाक्यं सुधारून देत होते. हा प्रश्न ते इंग्रजीत नीट लिहू शकले असते, पण मराठीतसुद्धा विचारू शकले नसते. हिच्या अंगात हे इतकं बळ होतं, आणि एका घरात राहून आपल्याला त्याचा पत्ता नव्हता.

“आय डोन्ट नो,” डॉक्टर म्हणाले. मग थोडं थांबून, “बट टुडे इज बेटर दॅन यस्टरडे.”

“थँक यू. नाऊ आय अंडरस्टँड,” लतिकाबाई म्हणाल्या, आणि मग कुठे त्या खाली बसल्या.

व्हिसा काही लगेच मिळणार नव्हता. तोवर दुवा एकच, रोज दुपारी फोन करणारी मारिसेल नावाची फिलिपिनो नर्स. इंग्रजी तिचीही भाषा नव्हती. दोघींचं इंग्रजी शेजारणीकडून आणलेल्या पातेल्यासारखं उसनं होतं, पण स्वयंपाक होत होता. ताप किती, सूज किती, डावा हात हलला का, सगळं चोख कळत होतं. गंगाधर बाजूला बसून ऐकत. नाम, क्रियापद, काळ यांची अशी दाणादाण उडालेली असताना दोन बायकांना एकमेकींचं अक्षर न् अक्षर कळावं, याचं आश्चर्य त्यांना रोज नव्याने वाटे.

मग औषध कमी केलं, श्वासाची नळी निघाली, पण शंतनू डोळे उघडेना. आता जागं होण्याचं काम त्याचं, डॉक्टर म्हणाले. मारिसेलने त्याच्या कानाशी फोन धरला. लतिकाबाई बोलत राहिल्या, गंगाधर बोलले, काही उपयोग झाला नाही. शेवटी मारिसेलनेच विचारलं, “मदर, होम, मॉर्निंग, यू वेक हिम, यू से व्हॉट? टीच मी. आय ॲम हिअर, यू आर फार.”

लतिकाबाईंनी घसा साफ केला. “लिसन. ऊठ रे, चहा झालाय.”

“उट रे, चा जाले.”

“ठ. ऊठ.”

“उट.”

“व्हेरी गुड,” लतिकाबाई म्हणाल्या. “से लाऊड. अँड से मेनी टाइम. ही नेव्हर गेट अप फर्स्ट टाइम.”

दुसऱ्या दिवशीची दुपार फोनशिवायच सरत आली. चहाची वेळ झाली तरी कुणी गॅस पेटवला नव्हता. फोन वाजला तेव्हा मारिसेलला धाप लागली होती. “मदर, आय सेड. लाऊड, मेनी टाइम. हिज आय ओपन, लिटल. ही सेड समथिंग, नॉट इंग्लिश. पाच मिन्ट. मदर, व्हॉट इज पाच मिन्ट?”

लतिकाबाईंनी तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. डॉक्टरांशी बोलताना न ढळलेली बाई पदर तोंडाशी धरून गदागदा हलू लागली. त्यांनी फोन नवऱ्यापुढे केला.

गंगाधरांनी तो घेतला. “फाइव्ह मिनिट्स,” ते म्हणाले. आवाज फाटला, तरी थांबले नाहीत. “सिस्टर, ही वॉन्ट फाइव्ह मिनिट्स मोअर. एव्हरी डे ही से लाइक दॅट. एव्हरी डे!”

पलीकडे मारिसेल हसत होती की रडत होती, कळायला मार्ग नव्हता. लतिकाबाईंनी डोळे पुसले आणि नवऱ्याच्या खांद्यावरून फोनकडे वाकून म्हणाल्या, “सिस्टर, गिव्ह हिम टेन.”