नळीतला बुडबुडा

पत्र्याच्या शेडमध्ये एका निवृत्त फिटरने स्वतः बांधलेलं दोन आसनांचं विमान उभं होतं. उद्या तो ते पहिल्यांदा धावपट्टीवर पळवणार होता. धावपट्टी संपते तिथे दगडी कुंपण आहे.

ब्रेकच्या नळीतली हवा काढणं चाललं होतं. बायको आत बसून पेडल दाबत होती. तो चाकाशी आडवा पडून स्क्रू सैल करी, की पारदर्शक नळीतून तेल बाटलीत उतरे आणि तेलाबरोबर बुडबुडे.

"पायाला कसं लागतंय?"

"भिजवलेल्या कणकेसारखं."

"मग उद्या कुंपणावर पोळ्या लाटू."

"अहो, गप्प बसा."

तेल दबत नाही, हवा दबते. ती नळीत राहिली, तर पायाचं बळ तिलाच दाबण्यात संपतं आणि चाक फिरत राहतं. पंखांखाली जिचा आधार घ्यायचा, तीच इथे मोहरीएवढीसुद्धा नको. बाहेर पडलेली हवा डोळ्यांना दिसते. आत किती उरली, ते दिसत नाही.

बुडबुडे थांबले. "आता दगड झालं," ती म्हणाली. त्याने स्क्रू आवळला, हात पुसले. मग सवयीने पान्याने ब्रेकच्या नळीवर टकटक केली, तिला पुन्हा दाबायला सांगितलं आणि स्क्रू सैल केला.

एक बुडबुडा निघाला.

ती पेडल दाबत राहिली. त्यानंतर कितीतरी वेळ नुसतं तेलच आलं. त्याने स्क्रू आवळला.

"झालं. उतर आता."

"थांबा जरा," ती म्हणाली. तिने पेडलवरचा पाय काढला नाही.