तिसऱ्या झेंड्याची जागा

गेली अठरा वर्षं मी लोकांना त्यांची जमीन कुठं संपते हे सांगायचा पगार घेतो. मी सरकारी मोजणीदार आहे. बांधावरून डोकी फोडायला निघालेले सख्खे भाऊ मी रोवलेल्या खुणेकडं बघून गप्प बसतात. (म्हणजे मी निघून जाईपर्यंत तरी बसतात.) जिंतूर तालुक्यात मी उभा राहून "इथं" म्हणालो की ते इथंच असतं. त्या रविवारपर्यंत तरी असायचं.

आमची प्रज्ञा पंधरा वर्षांची. दोन वर्षांपूर्वीपर्यंत घरी पाहुणे आले की ही पोरगी आतल्या खोलीत जाऊन कडी लावायची. मग ती रेखाताईंच्या मंडळात जायला लागली. रेखाताई शाळेत खेळ शिकवतात, आणि सुट्टीच्या दिवशी गावातल्या पोरापोरींना घेऊन डोंगरात जातात. तंबू ठोकणं, गाठी मारणं, तीन दगडांवर भात शिजवणं, जखमेला पट्टी बांधणं, होकायंत्र आणि नकाशा घेऊन वाट काढणं, असलं सगळं तिथं शिकवतात. सहा महिन्यांत प्रज्ञा पाहुण्यांना दारात अडवून "बसा, पाणी आणते" म्हणायला लागली. घरातल्या दोऱ्यांना मात्र तिनं असल्या गाठी मारून ठेवल्या की कपडे वाळत घालायची दोरी सोडवायला तिच्या आईला अखेर विळी घ्यावी लागली.

यंदा मंडळातून एका मुलीला हिमालयातल्या गिर्यारोहणाच्या शिबिराला पाठवायचं ठरलं. दोघींत चुरस होती. एक आमची प्रज्ञा, दुसरी गौरी, कापड दुकानवाल्या शिवअप्पांची नात. परीक्षा साधी होती. दोघींचे दोन गट, हातात रेखाताईंनी काढलेला नकाशा, आणि डोंगरात लपवलेले पाच झेंडे. जिचा गट आधी पाचही झेंड्यांवरून परत येईल ती हिमालयात! प्रज्ञा तीन महिने गच्चीवर होकायंत्र घेऊन पावलं मोजत फिरत होती. शेजारच्यांना वाटलं, पोरीला कोणी करणी केली.

परीक्षेच्या दिवशी पालकांनाही बोलावलं होतं. माझी खात्री आहे की ही कल्पना रेखाताईंच्या आयुष्यातली सर्वांत वाईट कल्पना होती. (त्यांनीही नंतर हेच सांगितलं.) आम्ही सकाळी एस.टी.नं फाट्यावर उतरलो आणि डोंगराच्या पायथ्याशी छावणीवर पोचलो. तिथं सगळ्यांचे मोबाईल एका पिशवीत गोळा झाले. प्रज्ञानं मला बाजूला घेतलं.

"पप्पा, एक सांगू? तुमी आज काहीच करू नका."

"मी काय करणार गं?"

"तेच म्हणायलेय. काहीच."

पालकांकडं खिचडीचं काम होतं. माझी बायको संगीता आरोग्य केंद्रात नर्स आहे, माझ्या स्वभावाचं निदान तिनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी करून ठेवलंय. तिनं माझ्यासमोर दोन किलो कांदे ओतले आणि म्हणाली, "हे संपल्याशिवाय उठायचं न्हाई." शेजारी शिवअप्पा पांढरंशुभ्र धोतर सावरत, कपाळावर भस्माचे पट्टे ओढून लसूण सोलत बसले होते. सगळं ठीक होतं हो! फक्त कांद्याच्या टोपलीखाली नकाशाची एक जादा प्रत पडली होती.

नकाशा दिसला आणि मी उघडला नाही, असं अठरा वर्षांत झालं नव्हतं. उघडला आणि माझ्या हातातली सुरी थांबली. नकाशात तिसरा झेंडा छावणीच्या उत्तरेला होता. आणि मी येताना माझ्या डोळ्यांनी तीन आकडा लिहिलेला तो झेंडा पूर्वेच्या खडकाखाली पाहिला होता!

"अप्पा," मी कुजबुजलो, "झेंडा चुकीच्या जागी लावलाय."

"अरारा! मंग रेखाताईला सांगा की."

"त्या पोरांसोबत वर गेल्यात. पोरींचे तीन महिन्यांचे कष्ट पाण्यात जातील अप्पा. आपणच नीट करून येऊ. दहा मिनिटांचं काम."

"तुमी मोजणीदार मानूस. तुमच्यावर भरोसा हाय," अप्पा म्हणाले.

"सरपण आणतो," मी संगीताला सांगितलं. तिनं आधी माझ्याकडं, मग अप्पांच्या धोतराकडं बघितलं. "दोघं? सरपण?" एवढंच म्हणाली.

आम्ही खडकाखालचा झेंडा उपटला, खांद्यावर घेतला आणि उत्तरेला नेऊन एका पळसाखाली रोवला. मी दोन पावलं मागं सरून एक डोळा मिटून खात्री केली. काय सरळ रोवला होता! अप्पांनी तर हात जोडले.

इथं एक गोष्ट सांगून टाकतो, लपवण्यात आता अर्थ नाही. नकाशावर उत्तर दाखवणारा एक बाण असतो. मोजणीच्या शिक्षणात पहिल्या दिवसाचा पहिला धडा असतो की आधी बाण बघा. रेखाताईंचा कागद लांबट होता, म्हणून त्यांनी नकाशा आडवा काढला होता आणि उत्तरेचा बाण डावीकडं ठळक लाल रंगात काढला होता. पोरांनी तो बघितला. तेरा वर्षांच्या पोरांनीसुद्धा बघितला. मी मात्र उत्तर वरच असते, असं धरून चाललो.

आणि परत यायलाही तोच नकाशा वापरला.

नकाशात झेंड्यापासून छावणीकडं एक जवळची वाट दाखवली होती. तशी एक वाट समोर होतीही. पाव तास चाललो, तर वाट काटेरी झुडपांत शिरून संपली. एका बाभळीखाली एक म्हातारी शेळ्या राखत होती.

"कुठं जायलाव?" तिनं विचारलं.

"असंच, फिरायला," मी म्हणालो. मोजणीदारानं रस्ता विचारायचा? तालुक्यात तोंड कसं दाखवणार?

अर्ध्या तासानं पुन्हा एक बाभूळ लागली. खाली शेळ्या होत्या. तीच म्हातारी होती.

"आता गं बया! फिरून आलाव?"

"साहेब, इचारा की हिला," अप्पा कळवळून म्हणाले. त्यांच्या डाव्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि टाचेत काटा मोडला होता. पण मी नकाशा फडकन उघडला आणि आवाज जड करून म्हणालो, "मोजणी चालू आहे, आजी. सरकारी."

म्हातारीचा चेहरा पडला. "कशाची मोजणी?"

"आहे. मोठी आहे."

तिसऱ्यांदा बाभळीपाशी आलो तेव्हा तिथं ना म्हातारी होती, ना शेळ्या. "बघा अप्पा, ही वेगळी बाभूळ! आपण पुढं आलो," मी म्हणालो. अप्पांनी खिशातून खडीसाखर काढली, मला न देता खाल्ली. यावरून माणसाचा विश्वास किती उडाला ते समजावं.

शेवटी आम्ही एका तुरीच्या रानात शिरलो. तूर आमच्या डोक्याच्या वर गेलेली. चारी बाजूंनी हिरवी भिंत, वर ऊन, आणि मध्ये एक मोजणीदार, एक कापडवाले. अप्पा मटकन खाली बसले. "साहेब, आता माज्यानं एक पाऊल उचलणार न्हाई. गौरीला सांगा, दुकानाच्या चाव्या देव्हाऱ्यामागं हायेत." माझ्याहून वीस वर्षांनी मोठा माणूस मी उन्हात आणून बसवला होता. मी हाका मारल्या. तुरीनं त्या सगळ्या गिळल्या.

तिकडं प्रज्ञाचा गट पूर्वेच्या खडकापाशी पोचला होता, आणि झेंडा नव्हता. तिनं पावलं पुन्हा मोजली. बाकीची पोरं म्हणाली, आपण चुकलो, पुढं जाऊ. ती म्हणाली, "आपण न्हाई चुकलो." वाकून बघितलं तर तिथं ताजा खड्डा होता, आणि खड्ड्याशेजारी कांद्याचं एक साल!

तिच्या गटातल्या पोरांनी मला नंतर सांगितलं की प्रज्ञानं ते साल खिशात घातलं आणि म्हणाली, "पप्पा रानात शिरलेत." मग तिनं धोक्याची शिट्टी वाजवली. ती शिट्टी वाजली की परीक्षा थांबते. तेव्हा ती पुढं होती, हे तिला माहीत होतं.

दोन्ही गट एक झाले. पोरांनी ओळ धरून, एकमेकांत दहा-दहा पावलांचं अंतर ठेवून रान पिंजलं. आम्ही सापडलो तेव्हा छावणीतल्या खिचडीचा वास येत होता, एवढे आम्ही जवळ होतो. तूर बाजूला सारून प्रज्ञाचं डोकं आत आलं. मी हसलो. ती हसली नाही. तिनं आधी अप्पांना घोट घोट पाणी पाजलं, टाचेतला काटा काढला, पट्टी बांधली. मग बांबू आणि चादरीची डोली तयार झाली. चौघांनी अप्पांना उचलून बघितलं. डोली जमिनीवरून चार बोटं वर आली आणि खाली गेली.

"राहू द्या पोरींनो, मी लंगडत येतो," अप्पा म्हणाले.

प्रज्ञा माझ्याकडं वळली. "पप्पा, तुमी झोपा."

"अगं, मला काही झालेलं नाही!"

"डोलीचा सराव राहिलाय सगळ्यांचा. झोपा."

मी झोपलो. तिनं मला डोलीला बांधलं. ती गाठ कोणती होती माहीत नाही, पण मला नाक खाजवता येत नव्हतं.

छावणीवर आणखी एक गंमत आमची वाट बघत होती. त्या म्हातारीनं शेळ्या हाकत गाव गाठलं होतं आणि "सरकार रान मोजायलंय, रस्ता जायलाय शेतातून!" असा ओरडा केला होता. वीस-पंचवीस माणसं रेखाताईंना घेरून उभी होती. "शिबिराच्या नावाखाली मोजणी करायलाव? परत पाय ठेवू नका ह्या डोंगरात!" शिट्टी ऐकून खाली आलेल्या रेखाताई शपथा घेत होत्या. संगीता खिचडी ढवळत होती. नवरा दोन तास गायब आहे, असं तिला कोणीतरी म्हणालं होतं, त्यावर ती म्हणाली होती, "भूक लागली की येतेत."

तेवढ्यात मी आलो, आडवा.

"आरं देवा, गेले का काय!" गर्दीतला एकजण टोपी काढत म्हणाला.

प्रज्ञा त्या गर्दीसमोर जाऊन उभी राहिली. दोन वर्षांपूर्वी कडी लावून बसणारी पोरगी! खणखणीत आवाजात म्हणाली, "काका, मोजणीबिजणी काही न्हाई. माझे पप्पा हरवले होते. लाज वाटली म्हणून आजीला खोटं बोलले. पप्पा, सांगा."

मी डोलीवरूनच सांगितलं. पंचवीस माणसं, अठरा पोरं, एक बायको आणि एका म्हातारीसमोर सांगितलं, "हो. मी हरवलो होतो."

गाव शांत झालं. कोणीतरी हसायलाही लागलं. माणसं परत फिरणार, इतक्यात एक म्हातारबुवा पुढं आले आणि माझ्या तोंडावर वाकले. "थांबा, थांबा. ह्येच का ते? आमचा बांध ह्यांनीच मोजला व्हता!"

"आमचाबी!" मागून आवाज आला.

मी मान फिरवणार होतो, पण बांधलेला होतो.

परीक्षा पुढच्या रविवारी पुन्हा झाली. पालकांना बंदी होती. गौरी चार मिनिटांच्या फरकानं पहिली आली आणि हिमालयात गेली. प्रज्ञानं तिची पिशवी भरायला मदत केली, निरोप देऊन घरी आली आणि माझ्यासमोर बसली. पंधरा दिवसांनी ती माझ्याशी पहिल्यांदा बोलत होती.

"पप्पा, तुमी झेंडा कामून हलवला?"

"तुझं नुकसान होऊ नये म्हणून."

रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं "बरं" म्हटलं आणि माझ्यासाठी चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो, तर साहेबांच्या टेबलावर त्या एकाच गावातून फेरमोजणीचे सात अर्ज येऊन पडले होते. कारणाच्या रकान्यात सगळ्यांनी एकसारखंच लिहिलं होतं : 'मोजणीदार स्वतःच सापडत नव्हते.' साहेबांनी सातही अर्ज शांतपणे वाचले, त्यावर माझंच नाव लिहिलं आणि म्हणाले, "रविवारी जाऊन या. आणि हे बघा, मुलीला सुट्टी असेल ना? तिला सोबत न्या."