दारावर कोणी नाही

अभिमन पाटील दीपनगरच्या वीज केंद्रात एकतीस वर्षं वायरमन होते. निवृत्तीनंतर पिंप्राळ्यात घर बांधलं, तेव्हा दारावरच्या बेलवरून आठवडाभर वाद चालला. त्यांना तारेची बेल हवी होती. "तार असली म्हणजे कोणी दाबलं तरच वाजते," ते म्हणत. पण भिंती रंगवून झाल्या होत्या, पुन्हा खाच पाडायला वच्छलाबाई तयार होईनात. शेवटी मुलीनं, पुनमनं, बिनतारी बेल आणली. बटण दारावर चिकटवलं, वाजणारी डबी हॉलमधल्या प्लगात बसवली.

दोन महिने ठीक गेले. मग एका सोमवारी दुपारी बेल वाजली. वच्छलाबाईंनी दार उघडलं. फाटक बंद, गल्लीत नुसतं ऊन.

"कोनी नही शे," त्या आत वळून म्हणाल्या.

बेल पुन्हा वाजली. आता अभिमन उंबऱ्यातच उभे होते. बटणाला कुणाचा हात लागला नव्हता. त्यांनी बटणातला सेल काढला. तरीही वाजली. कधी एकदा, कधी लागोपाठ चार-पाचदा. वच्छलाबाईंनी देवापुढे दिवा लावला. संध्याकाळी अभिमननी वैतागून डबी प्लगातून उपटली.

मंगळवार शांत गेला.

बुधवारी सकाळी ते तारेची बेल आणायला निघाले आणि चप्पल घालता घालता थांबले. आपल्या बटणात सेल नव्हता. म्हणजे दुसरं कुठलं तरी बटण आपली बेल वाजवत होतं. त्यांनी डबी पुन्हा लावली. तासाभरानं ती वाजली. एकदाच.

ते घरोघर विचारत निघाले. चौथ्या घरातल्या बाई म्हणाल्या, "अशीच बेल पलीकडच्या चारुलताकडे आहे, गेल्याच आठवड्यात बसवली. शेजारचे झुलाल आबा एकटे राहतात ना, त्यांच्या गळ्यात बटण असतं. काही लागलं की दाबतात, हिच्या घरात वाजतं. पण ती रविवारपासून पारोळ्याला लग्नाला गेलीये."

अभिमन तसेच आबांच्या घराकडे धावले.

आबांचं दार आतून बंद होतं. दोघातिघांनी मिळून कडी तोडली. आबा मोरीत पडलेले होते, सोमवार दुपारपासून. खुबा मोडला होता, ओठ फुटले होते. मूठ बटणावर घट्ट आवळलेली.

"वाजत नव्हती का रे, भाऊ?" त्यांनी विचारलं.

अभिमननी त्यांच्या ओठांना पाणी लावलं.

आबा नवव्या दिवशी दवाखान्यातच वारले. तुमच्यामुळे निदान सापडले तरी, असं गल्लीतले लोक अभिमनना म्हणत. मंगळवारी डबी काढून ठेवली होती, हे फक्त वच्छलाबाईंना माहीत होतं.

"आपल्याले काय मालूम व्हतं?" एकदा जेवताना त्या म्हणाल्या. अभिमन ताटावरून उठून गेले.

पुढच्या महिन्यात त्यांनी स्वतः छिन्नी घेऊन रंगवलेल्या भिंतीत खाच पाडली. तार ओढली, बेल बसवली. वच्छलाबाईंनी खाली पडलेला भुगा झाडून घेतला. आता ती वाजली की त्या उठेपर्यंत अभिमन दाराशी पोचलेले असतात, पुष्कळदा अनवाणी.