कुणाची हरकत?

शिरूरच्या कॉलेजातनं मी पदवी घेतली. आमच्या घरातली पहिलीच. म्हणून बिबट्यासाठी गाव जमलं त्या दिवशी मला वाटलं होतं, गाव माझं ऐकून तरी घेईल.

निमोणे गावापासून आत आमची वस्ती. तीन घरं, चारी बाजूंनी ऊस. दुसरीतली माझी भाची रोज त्या उसातल्या वाटेनं चालत शाळेत जाते. विहिरीपाशी ठसे आधी आईनं पाहिले. "बिबट्या हाय. बघ, नखं उमटली न्हाईत. कुत्र्याची उमटत्यात," ती म्हणाली. मग मी पाहिले, भावानंही पाहिले.

वनखात्याकडं पिंजरा एकच होता. कुठं लावायचा ते गावानं ठरवा, म्हणाले. म्हणून सगळे देवळापुढं जमले. आमच्याकडं अशा वेळी हात मोजत नाहीत. गावातले थोरले आबा आधी आपलं म्हणणं सांगतात आणि मग विचारतात, "कुणाची हरकत?" कुणी बोललं नाही की ठरलं.

आबा म्हणाले, "पिंजरा गावाजवळच लावा. बिबट्यानं शेळी हितनंच नेली. वस्तीवर कुत्रं आलं असंल. कुणाची हरकत?"

"माझी," मी म्हणाले. "आबा, तुम्ही स्वतः चला, ठसे बघा. आमची पोर त्याच वाटेनं जाते."

"कॉलेजात बिबट्याचा पेपर होता व्हय गं?" मागून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. आमचे चुलतेही हसले. सकाळीच आमच्या ओट्यावर चहा पिताना ते म्हणाले होते, पोरीला एकटी धाडू नका.

मी भावाकडं वळले. "दादा, सांग की. तूपण पाहिलेस."

तो चपलेनं माती उकरत होता. "पाहिले... पर चिखल होता. नक्की कसं सांगणार?"

पिंजरा देवळामागं लागला. परतताना चुलते हळूच म्हणाले, "तुझं खरं हाय पोरी. पर एवढ्या माणसांत आपण एकट्यानं कसं बोलायचं?"

पुढं आणखी दोघा-तिघांनी मला बाजूला घेऊन हेच सांगितलं. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच. मी वनखात्याला फोन करत राहिले. ते म्हणाले, गावाचं एकमतानं ठरलंय, मॅडम.

आज सकाळी विहिरीपाशी पुन्हा ठसे. ताजे, ओले. मी आईला हाक मारली. ती वाकून बराच वेळ बघत राहिली.

"कुत्र्याचंच दिसत्यात," ती म्हणाली.

"आई, तूच तर म्हणालीस..."

"सगळं गाव काय येडं हाय का?"

मग तिनं भाचीचं दप्तर खांद्याला अडकवलं, तिचा हात धरला आणि दारामागचा कोयता उचलला.

"कुत्र्याला कोयता कशाला गं?"

दोघी उसात शिरल्या, दिसेनाशा झाल्या. मी परत ठशांपाशी जाऊन उकिडवी बसले. नखं उमटलीत की नाहीत, माझं मला सांगता येईना.